इस्त्रीखालचं सर्किट

चीनमधल्या शेन्झेनचे मोठे कारखाने दहा बाय दहा सेंटिमीटरचे पाच दुपदरी सर्किट बोर्ड दोन डॉलरला करून देतात. भोकं आतून तांब्याने मढवलेली, वर हिरवा मुलामा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत छापलेली नावं. कुरिअर आणि कस्टम्सचे पैसे वेगळे पडतात, पण इतका नेटका बोर्ड घरी कितीही हात बसला तरी होत नाही. आपल्याकडे बंगळूर आणि गांधीनगरचे कारखानेही आता घरबसल्या ऑर्डर घेतात. मग कागदावर ट्रॅक छापायचे, ते इस्त्रीने तांब्यावर उतरवायचे, फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड हलवत बसायचं आणि शेवटी एकेक भोक पाडायचं, हा खटाटोप आज कुणी आणि कशासाठी करावा? टोनर ट्रान्सफरबद्दल बोलताना हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझं मत असं, की जरूर करावा, पण पैसे वाचवण्यासाठी नव्हे. सकाळी सुचलेलं सर्किट संध्याकाळी टेबलावर चालू झालेलं पाहायचं असेल तर करावा. आणि त्यातून निघणाऱ्या तांब्याच्या पाण्याचं पुढे काय करायचं, हे आधी ठरवलं असेल तरच करावा.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. बाजारात ‘कॉपर क्लॅड’ म्हणून मिळणारी पाटी घ्यायची. बहुधा ती १.६ मिलिमीटर जाडीची ग्लास इपॉक्सी असते आणि तिच्या एका किंवा दोन्ही अंगांना ३५ मायक्रॉन जाडीचा तांब्याचा पत्रा चिकटवलेला असतो. जिथे ट्रॅक हवा तिथलं तांबं कशाने तरी झाकायचं आणि उरलेलं रसायनात विरघळू द्यायचं. बाटिक करताना मेण लावलेल्या जागी रंग चढत नाही, तसंच हे. म्हणजे तांबं लावायचं काहीच नाही, सगळं काम ते काढण्याचं. घरगुती बोर्डांचा आजवरचा प्रवासही ‘झाकायचं कशाने?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरला आहे. बारीक ब्रशने ऑइल पेंट लावून झालं, नेलपॉलिश झालं, परमनंट मार्कर झाला, घासून उठवायचे तयार पॅड आणि पट्ट्या झाल्या. १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकात सर्किटसोबत त्याचा लेआउट मूळ मापात छापून येई. त्याखाली कार्बन पेपर ठेवायचा, तांब्यावर रेघा गिरवायच्या आणि मग त्या रंगाने भरायच्या. पंधरावीस पायांचा आयसी आला की या कामात डोळ्यांची आणि मानेची परीक्षा असे.

टोनरने हा प्रश्न सोडवला, तो जवळजवळ योगायोगाने. छापील सर्किटचा जनक म्हणून पॉल आयझलरचं नाव घेतलं जातं. मूळचा व्हिएन्नाचा हा अभियंता लंडनला आला, छपाईच्या धंद्याची त्याला जवळून ओळख होती आणि १९४३ साली त्याने छापील सर्किटच्या पेटंटसाठी अर्ज केला. छापखान्यात जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने चित्राचे ब्लॉक कोरत. तांब्याच्या पातळ पत्र्यावर सर्किट कोरण्याची कल्पना त्याच कुळातली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजमध्ये छापील सर्किट वापरलं आणि युद्धानंतर ते तंत्र रेडिओच्या कारखान्यांकडे आलं. त्याआधीच, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत चेस्टर कार्लसनने स्थिर विद्युत आणि कोरडी पूड वापरून पहिली झेरॉक्स प्रत काढली. ती कल्पना विकत घ्यायला त्याला वर्षानुवर्षं कुणी मिळेना. १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ आलं, पुढे गॅरी स्टार्कवेदरने झेरॉक्सच्या यंत्राला लेझरची जोड दिली आणि १९८४ च्या एचपी लेझरजेटपासून लेझर प्रिंटर टेबलावर आला. कागदावर चिकटणारी ती काळी पूड मुळात प्लॅस्टिक आहे आणि पुन्हा तापवली की पुन्हा वितळते, हे ज्या हौशी लोकांच्या लक्षात आलं त्यांनी हे दोन शोध इस्त्रीखाली एकत्र आणले. कोणत्याही कारखान्याने ही पद्धत शोधलेली नाही. म्हणूनच तिचं प्रमाणित पुस्तक नाही. ज्याचा प्रिंटर वेगळा, त्याची कृती वेगळी.

आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. एकाने सांगितलेली कृती दुसऱ्याने जशीच्या तशी केली आणि ट्रॅक उठले नाहीत, की दोष इस्त्रीला किंवा कागदाला दिला जातो. खरं तर चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत: टोनर, कागद, तांब्याचा पृष्ठभाग आणि उष्णता. एक बदलली की बाकीच्या तिघी नव्याने जुळवाव्या लागतात.

आधी टोनर. त्याचा एकेक कण साधारण ५ ते १० मायक्रॉनचा. त्यात स्टायरीन-अॅक्रिलेट किंवा पॉलिएस्टर जातीचं प्लॅस्टिक, रंगासाठी काजळी, थोडं मेण, आणि काही प्रिंटरांच्या चुंबकीय टोनरमध्ये लोहाचं ऑक्साइड भरपूर. प्रिंटरमधला तापता रूळ सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला ही पूड कागदावर वितळवतो. पण प्रत्येक कंपनीचं प्लॅस्टिक सारख्या तापमानाला मऊ होत नाही. काहींचा टोनर इस्त्रीच्या सर्वांत तापलेल्या टोकालाही पुरता ओघळत नाही, तर काहींचा इतका पातळ होतो की शेजारचे ट्रॅक एकमेकांना भिडतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं दिसणारा एचपीचा १०२० हा प्रिंटर या कामाला चांगला ठरला आहे. त्याच्या १२ए काट्रिजमध्ये मात्र पुन्हा भरलेला टोनर असेल तर निकाल त्या टोनरवर ठरतो, प्रिंटरच्या नावावर नाही. शाईचे प्रिंटर इथे बाद. शाई वितळत नाही. घराघरांत आता शाईच्या टाकीचे प्रिंटर आल्यामुळे छापण्यासाठी पुन्हा कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान गाठावं लागतं. तिथे दोन गोष्टी सांगायच्या: टोनर वाचवणारा मोड बंद करा, आणि ‘फिट टू पेज’ नको, शंभर टक्के मापात छापा.

माप चुकलं की काय होतं ते एका हिशेबात कळेल. चाळीस पायांच्या आयसीच्या एका ओळीत वीस पाय, म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत २.५४ मिलिमीटरची एकोणीस अंतरं, एकूण ४८.२६ मिलिमीटर. छपाई अवघी एक टक्का लहान आली तर शेवटचा पाय जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकतो आणि ०.८ मिलिमीटरच्या भोकात तो जात नाही. छापलेल्या कागदावर प्रत्यक्ष आयसी ठेवून पाहणं, यासारखी दुसरी तपासणी नाही. बाजूही तेव्हाच पाहावी. कागदावरची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, कारण तांब्यावर उतरताना ती सुलट होणार आहेत.

कागद हा या पद्धतीतला सर्वांत चर्चेचा विषय. साधा कागद टोनर आपल्या तंतूंमध्ये शोषून धरतो, तांब्याला देत नाही. हवा असतो तो पृष्ठभागावर मुलामा असलेला कागद. रंगीत मासिकांच्या गुळगुळीत पानांवर चिकणमातीचा थर असतो. टोनर त्या थरावर बसतो आणि पाण्यात भिजल्यावर थर सुटतो. पानावर आधीचा मजकूर छापलेला असला तरी बिघडत नाही, कारण ती ऑफसेटची शाई आहे, टोनर नव्हे. शाईच्या प्रिंटरचा ग्लॉसी फोटो पेपरही बरेच जण वापरतात. त्यातल्या ज्या कागदावर प्लॅस्टिकचा थर असतो तो मात्र लेझर प्रिंटरच्या तापत्या रुळावर वितळून बसू शकतो आणि दुरुस्तीचं बिल बोर्डापेक्षा कितीतरी मोठं येतं. दुकानदाराने असा कागद घालायला नकार दिला तर तो शहाणा आहे. स्टिकर काढल्यावर मागे उरणारा चकचकीत कागद टोनर पूर्ण सोडतो, पण छापतानाच तो इतका सैल धरतो की बोट लागलं तरी चित्र पुसतं. या सगळ्यांत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो चीनहून येणारा पिवळा ट्रान्सफर पेपर. त्यावर डेक्स्ट्रिनचा, म्हणजे पोस्टाच्या तिकिटांना लावतात त्या जातीच्या गोंदाचा थर असतो. पाण्यात टाकला की गोंद विरघळतो आणि कागद आपोआप वर तरंगतो, घासावं लागत नाही.

तांबं साफ करणं हा भाग सोपा म्हणून घाईत उरकला जातो आणि निम्मे बोर्ड तिथेच बिघडतात. तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत करणाऱ्या घरात तांब्यावर काळपट थर चढतो हे सांगायला नको, आणि चिंचेचं आम्ल हा थर काढतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथे चमक पुरेशी नाही. टोनरला धरायला बारीक ओरखडे लागतात. भांडी घासायच्या हिरव्या काथ्याने आडवं आणि उभं घासावं, साबणाने धुवावं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं आणि त्यानंतर बोट लावू नये. बोटाचा तेलकट ठसा उमटला तर त्या जागी ट्रॅक हमखास सुटतो. धुतलेल्या बोर्डावर पाण्याचा सलग पापुद्रा पसरला तर तांबं स्वच्छ आहे. पाणी थेंबाथेंबांत गोळा झालं तर अजून तेल आहे.

इस्त्रीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. वाफेची नवी इस्त्री या कामाला वाईट. तिच्या तळाला वाफेची भोकं असतात आणि त्या जागी उष्णता पोचत नाही. जुनी, जड, सपाट तळाची कोरडी इस्त्री कॉटनच्या खुणेवर ठेवली की काम होतं. तांबं उष्णता भराभर पसरवतं, म्हणून पाटी आधी तापवून घेतली तर कागद पहिल्या स्पर्शालाच चिकटतो आणि सरकत नाही. मग इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. टोकाने कडा आणि कोपरे वेगळे दाबायचे, कारण तिथेच पाटी लवकर थंड होते. ओळखपत्रं मढवायचा लॅमिनेटर असेल तर दाब सगळीकडे सारखा पडतो आणि इस्त्रीची अर्धी अनिश्चितता जाते. त्याचं तापमान कमी असल्यामुळे बोर्ड अनेकदा आत घालावा लागतो, आणि १.६ मिलिमीटरची पाटी त्याच्या दातऱ्या चाकांना जड जाते, ०.८ ची पातळ पाटी बरी. उष्णता टाळून अॅसिटोन आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने टोनर मऊ करून उतरवणारेही आहेत. दाब सारखा असेल तर ही पद्धत चालते, पण अॅसिटोन चटकन पेट घेतं आणि बंद खोलीत त्याची वाफ साचते, म्हणून मी ती नवशिक्यांना सुचवत नाही.

आता भिजवण्याकडे. मासिकाचा कागद असेल तर बोर्ड कोमट पाण्यात ठेवल्यावर काही मिनिटांत कागद पांढरट, फुगीर होतो. वरचा पदर सोलून निघतो. खाली उरतो तो राखाडी लगदा, अंगठ्याच्या पोटाने गोल गोल चोळत काढायचा. नखाने नाही. ओला असताना सगळं काळंभोर आणि पूर्ण दिसतं. वाळल्यावरच टोनरवर अडकलेले पांढरे तंतू दिसू लागतात. ट्रॅकच्या वर राहिलेले तंतू निरुपद्रवी, पण दोन पॅडांच्या फटीत किंवा भोकासाठी सोडलेल्या बारीक ठिपक्यात राहिलेला तंतू रसायनाला अडवतो आणि तिथे तांबं शिल्लक राहतं. जुन्या टूथब्रशने तेवढ्या जागा घासाव्यात, भिंगाखाली पाहावं, तुटलेला ट्रॅक परमनंट मार्करने जोडावा. इथपर्यंत मनासारखं झालं नसेल तर सगळा टोनर थिनरने पुसून पहिल्यापासून सुरुवात करता येते, आणि नुकसान होतं ते फक्त एका कागदाचं. या पद्धतीची ही मोठी उदारता आहे. रसायनात टाकल्यावर मात्र मागे फिरता येत नाही.

यातून किती बारीक काम निघतं? ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, पण इस्त्रीखाली टोनर पसरतो, आणि रसायन तांबं खालीच नाही, बाजूनेही खातं. अर्ध्या मिलिमीटरचा ट्रॅक कुणालाही जमतो. हात बसल्यावर पाव मिलिमीटर जमतो. त्याखाली गेलं की दर बोर्डाला नशिबाची साथ लागते. आयसीच्या भाषेत सांगायचं तर जुने २.५४ मिलिमीटर अंतराचे डिप आयसी अगदी सहज, १.२७ चे एसओआयसी आरामात, ०.८ मिलिमीटर अंतराचा चौकोनी अॅटमेगा जमतो पण काळजीने, आणि ०.५ च्या पायांसाठी सरळ बाहेर ऑर्डर द्यावी. किकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नियम आधीच सैल ठेवले, ट्रॅक रुंद, पॅड मोठे, भोकाचा ठिपका लहान, तर निम्मी लढाई संगणकावरच जिंकता येते. एक मिलिमीटर रुंदीचा ट्रॅक सुमारे दोन अँपिअर सहज वाहून नेतो, म्हणून जागा असताना बारीक ट्रॅक काढण्यात काही शहाणपण नाही.

दुपदरी बोर्ड घरी होतो, पण त्याचा हट्ट धरू नये. दोन्ही बाजूंची चित्रं जुळवणं कठीण, आणि कारखान्यासारखी आतून तांब्याने मढवलेली भोकं घरी होत नाहीत. प्रत्येक जोडाला तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून डाख द्यावा लागतो. एकाच बाजूला ट्रॅक ठेवून वरून चारपाच जंपर टाकणं कितीतरी बरं. भोकांसाठी रेझिस्टर-आयसीला ०.८, मोठ्या डायोडला आणि हेडर पिनांना १ मिलिमीटर. ग्लास इपॉक्सीची धूळ म्हणजे काचेचे तंतू. मास्क लावल्याशिवाय ड्रिल चालवू नये.

टोनर ट्रान्सफरला घरातच दोन तगडे प्रतिस्पर्धी आहेत. पहिला म्हणजे ड्राय फिल्म. निळसर फिल्म तांब्यावर चिकटवायची, वर पारदर्शक कागदावर छापलेला लेआउट ठेवायचा, अतिनील दिवा दाखवायचा आणि धुण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम, ती धुवायची. प्रकाश पडलेली फिल्म घट्ट होते, उरलेली सुटते. कारखान्यांची पद्धतही मुळात हीच. रेघ इतकी बारीक आणि कडा इतकी स्वच्छ येते की इस्त्री तिच्या जवळपास जात नाही. पण फिल्म अंधारात आणि थंड जागी ठेवावी लागते, खोलीतला उजेड जपावा लागतो आणि फिल्म चिकटवताना राहिलेला एक बुडबुडाही भोवतो. वारंवार बोर्ड करणाऱ्याने टोनरवर थांबू नये, फिल्मकडे जावं, असं मी म्हणेन. वर्षाकाठी चारदोन बोर्ड करणाऱ्याला मात्र टोनरच बरा; त्याला लागणारी कोणतीही वस्तू कपाटात पडून खराब होत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी रसायनच टाळतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या संस्थेत, २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेच्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. फॅब लॅबच्या शिक्षणात बोर्ड कोरून काढतात. छोट्या मिलिंग यंत्रावर एक इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचं कटर ट्रॅकच्या कडेने फिरतं आणि तांबं खरवडून काढतं. तिथे ग्लास इपॉक्सीऐवजी कागदी फिनॉलिक पाटी वापरतात, कारण काचेची धूळ फुप्फुसाला वाईट आणि कटरलाही. सांडपाणी शून्य. ट्रॅकमधली फट कटरच्या जाडीपेक्षा कमी होत नाही आणि पाटी किंचित वाकडी असली तरी कुठे खोल तर कुठे उथळ कापलं जातं, या मिलिंगच्या मर्यादा. शाळा-कॉलेजात जिथे एक यंत्र शंभर मुलांच्या उपयोगी पडतं, तिथे हाच मार्ग योग्य आहे. एकट्या हौशी माणसासाठी यंत्राची किंमत, आवाज आणि जागा आडवी येते.

मग इस्त्रीच्या बोर्डाची खरी जागा कुठे? पॉवर सप्लाय, रिले, मोटर चालवायची सर्किटं, सेन्सर जोडायच्या छोट्या पाट्या: ट्रॅक रुंद, भाग थोडे, आणि आजच हवं. दुरुस्तीचं काम तर याहून महत्त्वाचं. एखाद्या यंत्राची निर्मिती बंद झालेली असते, जळालेल्या बोर्डाचा सुटा भाग मिळत नाही, आणि यंत्र बंद असलेला प्रत्येक दिवस मालकाला भारी पडतो. जुना बोर्ड स्कॅन करून ट्रॅक उतरवणारा आणि त्याच दिवशी नवा बसवणारा कारागीर तिथे लाखमोलाचा ठरतो. तिसरी जागा थोडी अनपेक्षित आहे: रेडिओ लहरींची. १.६ मिलिमीटरच्या ग्लास इपॉक्सीवर, मागची बाजू पूर्ण तांब्याची ठेवली, तर ५० ओहमच्या ट्रॅकची रुंदी साधारण ३ मिलिमीटर येते. इतका रुंद ट्रॅक इस्त्रीने अचूक उतरतो. फिल्टर, अँटेना, अॅटेन्युएटर करणाऱ्या हॅम मंडळींना एका दिवसात तीन वेगवेगळ्या लांबीचे नमुने करून मोजता येतात. कुरिअरची वाट पाहत एकेक नमुना मागवण्याने हा अभ्यास होत नाही.

आणि शिक्षण. पॉलिटेक्निकच्या मुलांना बाजारात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, हे काही गुपित नाही. ज्या मुलीने स्वतःच्या हाताने एक बोर्ड कोरला आहे तिला ट्रॅकमध्ये अंतर का ठेवायचं, पॅड मोठा का, ग्राउंड रुंद का, हे नियम पाठ करावे लागत नाहीत. सुटलेला पॅड तिने पाहिलेला असतो. म्हणून एकदा तरी हे प्रत्येकाने करावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त त्या प्रात्यक्षिकाच्या शेवटी बादलीतलं पाणी कुठे ओतलं जातं, हेही त्याच तासाला शिकवलं जावं.

या विषयावरच्या बहुतेक लेखनात तो भाग शेवटच्या एका ओळीत येतो. तो नीट समजून घेऊ. फेरिक क्लोराइडचे पिवळट-तपकिरी खडे पाण्यात टाकले की पाणी बरंच तापतं. खडे पाण्यात थोडे थोडे टाकावेत, खड्यांवर पाणी ओतू नये. त्यातलं लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन स्वतः फेरस होतं आणि तांबं क्लोराइड बनून पाण्यात जातं. द्रावण ४०-५० अंशांना कोमट असेल आणि ट्रे हलता ठेवला तर बोर्ड लवकर होतो. गॅसवर तापवायचं नाही. ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवायचा. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं. स्टीलच्या सिंकमध्ये हे द्रावण सांडलं तर सिंकला खड्डे पडतात, आणि फरशीवरचे, कपड्यांवरचे डाग जन्मभर राहतात. त्यात सायट्रिक अॅसिड, किराण्यातलं लिंबूसत्त्व, घातलं तर गाळ बसत नाही आणि वेग वाढतो. १९९० च्या दशकात एडिंबरोच्या प्रिंटमेकिंग कार्यशाळेत फ्रीडहार्ड कीकेबेन यांनी चित्रकारांसाठी ही जोडी रूढ केली. हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वेगवान आहे, पण त्याची वाफ घशाला लागते, त्यातून क्लोरीन सुटू शकतो, आणि खोलीतली लोखंडी हत्यारं गंजतात. घरात त्याला जागा नाही. सोडियम परसल्फेट स्वच्छ आणि पारदर्शक, बोर्ड आत दिसत राहतो, पण तयार द्रावण फार काळ टिकत नाही.

रसायन कोणतंही घ्या, तांबं पाण्यात जाणारच. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या एकपदरी पाटीवर साधारण तीन ग्रॅम तांबं असतं. त्यातलं दोन ग्रॅम विरघळलं असं धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका छोट्या बोर्डातलं तांबं ४० हजार लिटर पाणी, दहा हजार लिटरचे चार टँकर, त्या मर्यादेपर्यंत आणायला पुरेसं आहे. मासे आणि पाण्यातली सूक्ष्म शेवाळं तांब्याला माणसापेक्षा कितीतरी जास्त बळी पडतात. संडासात किंवा मोरीत ओतलेलं फेरिक नाल्यातून नदीला मिळतं, आणि सांडपाणी प्रकल्पातून गेलं तर तिथल्या जिवाणूंनाही त्रास देतं.

यावर तीन गोष्टी करता येतात आणि तिन्ही अवघड नाहीत. पहिली, लेआउटमध्ये रिकामी जागा कोरून काढू नये. तिथे ग्राउंडचं सलग तांबं ठेवावं. कमी तांबं विरघळतं, फेरिक जास्त दिवस टिकतं, बोर्डही लवकर होतो. मोठ्या काळ्या पट्ट्यात टोनरला सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात ही अडचण खरी, पण सलग पट्ट्याऐवजी जाळी भरली की ती बरीच कमी होते. दुसरी, एकदा वापरलेलं फेरिक टाकून देऊ नये. ते काळपट-हिरवट होऊन अगदी मंद होईपर्यंत बाटलीत भरून पुन्हा पुन्हा वापरावं. तिसरी, अखेरीस ते निष्प्रभ करावं. हातमोजे आणि चष्मा घालून, मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत, धुण्याचा सोडा चमच्याचमच्याने टाकत राहायचं. फेस जोरात येतो, म्हणून बादली पाऊणही भरलेली नको. फेस थांबला आणि लिटमस निळा होऊ लागला की लोह आणि तांबं गाळ होऊन तळाला बसतं. वरचं निवळ पाणी काढून घेतल्यावर गाळ उन्हात वाळवायचा आणि बंद डब्यात साठवायचा. तो ओल्या कचऱ्यात जाऊ शकत नाही, बागेतल्या मातीतही नाही.

त्या डब्याचं पुढे काय, इथे आपली व्यवस्था अपुरी आहे. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथली घातक कचऱ्याची केंद्रं उद्योगांसाठी आहेत. पाव किलो गाळ घेऊन माणूस तिथे जाऊ शकत नाही. पण पॉलिटेक्निकांच्या आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत हाच कचरा तयार होतो, आणि औद्योगिक वसाहतींतल्या पीसीबी कारखान्यांत तर तो रोज होतो. प्रत्येक कॉलेजने एक पिंप ठेवून आसपासच्या हौशी लोकांचा गाळ त्यात घेतला आणि वर्षातून एकदा तो जवळच्या कारखान्यामार्फत केंद्राकडे पाठवला, तर नवं काही उभारावं लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत फेरिकच्या पुड्या विकणाऱ्या दुकानदारांनीही वापरलेली बाटली परत घ्यायला सुरुवात करावी. निदान पुडीवर विल्हेवाटीच्या चार मराठी ओळी छापाव्यात. ग्राहकांनी मागितलं तर ते होईल.

तोवर वापरलेलं फेरिक घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावं, पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही नाही. वर मोठ्या अक्षरांत ‘विष’ असं लेबल आणि तारीख हवी, कारण त्याचा रंग कोऱ्या चहाचा असतो आणि घरात लहान मुलं असतात.